तिसरीचं पुस्तक कुणासाठी थांबत नाही

ज्यांना आत्ता कानात इअरफोन घालायची सोय नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. माझे 'अं', 'म्हणजे काय की' आणि रेकॉर्डिंगच्या मधोमध खिडकीखालून गेलेला भंगारवाला एवढं काढून टाकलंय. बाकी बहुतेक जसंच्या तसं.

तर झालं असं, की तीन आठवड्यांपूर्वी एक व्हॉइस नोट आली. मुलगी सोलापूरकडची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणते, "ताई, माझा लहान भाऊ तिसरीत आहे. पुस्तक धडाधड वाचतो. पण धड्यात काय होतं विचारलं की गप्प बसतो. आई म्हणते, तू शिकलेली आहेस, तूच बघ. पण मी काय बघू? तिसरीत नक्की काय यायला पाहिजे, हेच मला आठवत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी थांबलेच. खरंच, आपल्याला तरी कुठे आठवतं? दहावीचे मार्क सगळ्यांना पाठ, पण आपण वाचायला कधी शिकलो ते विचारा. आणि तुमच्यापैकी कितीतरी जण घरातले 'शिकलेले' आहात. धाकट्या भावंडाचा, पुतण्याचा, भाचीचा अभ्यास तुमच्याच गळ्यात असतो. म्हणून आज पहिली ते पाचवी. कुठल्या इयत्तेत काय शिकवतात, आणि पोरं नेमकी कुठे अडकतात.

आधी एक खुलासा. मी महाराष्ट्रातल्या मराठी शाळांबद्दल बोलतेय, म्हणजे जिथे बालभारतीची पुस्तकं चालतात. बालभारती ही पुण्यातली संस्था, १९६७ सालची. २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं नव्या अभ्यासक्रमाची आली, आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलायच्या असं ठरलं. त्यामुळे भावाच्या पुस्तकातला धडा तुमच्या आठवणीतला नसेल. पायऱ्या मात्र फारशा बदललेल्या नाहीत.

पहिलीपासून सुरू करू. पहिलीत मूल अक्षर ओळखतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या क्रमाने? घरी आपण 'क ख ग घ' म्हणायला लावतो, आणि शाळेत बाई अनेक वर्षं 'ग म भ न' पासून सुरुवात करत आल्या. आजी-आजोबांना वाटतं, हे काय उलटंच! त्यामागे साधं कारण आहे. या चारही अक्षरांना शेवटी उभा दांडा आहे, काढायला एकमेकांच्या जवळची आहेत, आणि चारच अक्षरांत मन, मग, नभ, गगन असे शब्द तयार होतात. मुलाला पहिल्या आठवड्यात कळतं, की अक्षरं जोडली की शब्द होतो. 'क ख ग घ ङ' म्हणत बसलं तर 'ङ' वरून कुठला शब्द सांगणार?

मग काना, मात्रा, वेलांटी, उकार, बाराखडी. पहिलीच्या शेवटी मुलाने आधी न पाहिलेली, चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचावीत ही अपेक्षा. ही अपेक्षा माझ्या मनची नाही. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' नावाची मोहीम सुरू केली, तिच्यात बालवाडी ते तिसरी प्रत्येक टप्प्याचं लक्ष्य लिहून ठेवलंय. तिथे 'आधी न पाहिलेला मजकूर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यावर नंतर येते.

दुसरीत खरी परीक्षा असते ती जोडाक्षरांची. आपल्याला आता काही वाटत नाही, पण एकट्या 'र'चं बघा. सूर्य मध्ये तो डोक्यावर चढून बसतो. प्रकाश मध्ये पायात तिरकी रेघ होतो. राष्ट्र मध्ये ट च्या खाली टोपीसारखा येतो. आणि दऱ्या मध्ये आडवा होऊन य ला चिकटतो. एकच आवाज, चार रूपं! वर रफार डोक्यावर दिसतो पुढच्या अक्षराच्या, पण वाचायचा मात्र आधी. सात वर्षांच्या पोराने 'सूर्य' ला 'सूयर' वाचलं तर त्याला रागवू नका, डोळ्याला दिसलं तसंच त्याने वाचलंय.

दुसरीसाठी 'निपुण'ने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचण्याचं लक्ष्य ठेवलं, तिसरीसाठी किमान ६०. माझं स्पष्ट मत सांगते, मराठीला हा आकडा सरळ लावणं बरोबर नाही. मराठीत 'घरच्यांनासुद्धा' हा एक शब्द होतो. हिंदीत तेच सांगायला चार शब्द लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक भाषेसाठी वेगळे निकष काढावे लागले, ते उगाच नाही. तेव्हा घरी स्टॉपवॉच लावून बसू नका. अडखळत, अक्षर अक्षर लावत वाचतोय की बोलल्यासारखं वाचतोय, एवढं कानाला कळतं.

आता गणित. पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९. एकक, दशक, शतक, हजार. कागदावर किती सोपं दिसतं ना? इथे मराठीची एक खास अडचण आहे आणि ती मला नीट सांगायचीय.

'सत्तावीस' म्हणा. आधी काय ऐकू आलं? सात. मग वीस. आणि लिहायचं कसं? आधी २, मग ७. म्हणजे कान एक क्रम सांगतो, हात दुसरा. म्हणून श्रुतलेखनात पोरं ७२ लिहून मोकळी होतात. त्यात एकोणतीस! तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस. म्हणजे ऐकू येतं तीस आणि लिहायचे २९. एकोणनव्वद पर्यंत हा नियम चालतो आणि ९९ ला एकदम नव्याण्णव. पन्नास, पण एकावन्न, त्रेपन्न, पंचावन्न. साठ, पण एकसष्ट, त्रेसष्ट. मराठी मुलाला शंभरापर्यंत जवळजवळ शंभर वेगळे शब्द शिकावे लागतात. सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांना विचारा. तेलुगूत 'इरवै एडु', कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु', दोन्हीकडे आधी वीस आणि मग सात. लिहिण्याच्या क्रमानेच. ही पोरं मराठी शाळेत येतात तेव्हा त्यांना आकडे उलटे ऐकू येत असणार!

२०१९ साली याच कारणाने मोठा गदारोळ झाला होता, तुमच्यातल्या काहींना मीम आठवत असतील. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' च्या जोडीला 'वीस सात' असं वाचायची पद्धत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. विधानसभेत विनोद झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जोडशब्दांमुळे मुलांना गणिताची भीती बसते, तर समजायला हा सोपा मार्ग वापरा. जुने शब्द काढून टाका असं पुस्तक म्हणत नव्हतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. मला स्वतःला सत्तावीस, अठ्ठावीस म्हणायला आवडतं आणि ते शब्द टिकावेत असंच वाटतं. पण माझी भाची ४३ ला ३४ लिहून रडायला लागली तेव्हा मी तिला 'चाळीस तीन' च सांगितलं. दोन महिन्यांनी ती आपोआप 'त्रेचाळीस' म्हणायला लागली. पायरीवर पाय ठेवला म्हणजे माणूस पायरीवर राहायला जात नाही.

याच ठिकाणी दुसरी गाठ बसते ती वजाबाकीची. ४१ वजा १७. मूल लिहितं ३६. कसं? एकातून सात जात नाहीत, मग सातातून एक घालवला, आले सहा. चारातून एक गेला, तीन. पोराला वजाबाकी येते, पण ४ म्हणजे चार नाही, चार दहा आहेत, हे कळलेलं नाही. यावर पाढे पाठ करून घेण्याचा काही उपयोग नाही. दहाच्या चार नोटा आणि रुपयाचं एक नाणं त्याच्या हातात द्या, आणि म्हणा मला १७ रुपये दे. तो म्हणेल, सुट्टे नाहीत. मग म्हणायचं, एक नोट मोडून आण की. झालं, हातचा म्हणजे काय ते त्याला दुकानदारासारखं कळलं.

तर असं करत मूल तिसरीत येतं. आणि इथे शाळा गपचूप एक गोष्ट बदलते.

पहिली-दुसरीत मुख्य काम म्हणजे वाचायला शिकणं. मराठी, गणित, इंग्रजी आणि खेळ-कला-कार्यानुभवाचं 'खेळू, करू, शिकू'. मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्यामुळे तुमच्या पिढीला ते नेहमीचं वाटतं. तिसरीत वेगळं 'परिसर अभ्यास' येतं. आता वाचायला शिकवत नाहीत, वाचून शिकायला सांगतात. समजा पुस्तकात असं वाक्य आलं, की पावसाचे काही पाणी जमिनीत मुरते, काही ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते आणि काही वाफ होऊन वर जाते. जो मुलगा अजून 'ओढ्यानाल्यांतून' शी झटापट करतोय, त्याचं सगळं डोकं त्या एका शब्दात संपतं. पाणी कुठे गेलं, ते त्याच्या हाती लागतच नाही. गणिताचंही तेच. तिसरीत शाब्दिक उदाहरणं वाढतात, आणि गुणाकार येत असूनही पोरगं चुकतं, कारण प्रश्नच वाचता आला नाही.

आणि पुस्तक थांबत नाही. चौथीत भागाकार, अपूर्णांक, नकाशा, आणि परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. हे शेवटचं बहुतेक पोरांना आवडतं, अगदी न वाचणाऱ्यालाही अफझलखानाचा प्रसंग तोंडपाठ असतो. पाचवीत दशांश अपूर्णांक, लाखांच्या पुढच्या संख्या, आणि इतकी वर्षं मराठी शाळांत हिंदीही पाचवीपासूनच होती. शिवाय जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीलाच संपतात. मग पाचवीत शाळा नवी, बाई नव्या, कधीकधी गावही दुसरं. चौथीपर्यंतच्या बाईंना हे पोरगं कुठे अडतं हे माहीत होतं, नव्या सरांच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर जातं.

किती मुलांचं असं होतं? 'प्रथम' ही १९९० च्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधून उभी राहिलेली संस्था. ती २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. गावात घरोघरी जायचं आणि मुलाच्या हातात एक कागद द्यायचा. कागदावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. बस्स. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतली २३.४ टक्के मुलं ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. पाचवीत ४४.८ टक्के. म्हणजे पाचवीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. करोनाच्या वेळी ही टक्केवारी खूप खाली गेली होती, त्यापेक्षा आता बरी आहे हेही सांगायला हवं.

हे ऐकून कुणीतरी लगेच म्हणतं, "नापास करत नाहीत ना, म्हणून!" शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला परीक्षेची अट आणली. आधी परीक्षा, मग फेरपरीक्षा, तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. मला हा उपाय उशिराचा वाटतो. पोरगं अडलं दुसरीत, कळणार पाचवीत. आणि त्याच वर्गात पुन्हा बसवून त्याला तेच पाचवीचं पुस्तक देणार, जे त्याला वाचता येत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा कुठली यावर राज्यभर रान उठलं, आणि जूनच्या शेवटी सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले. तो मुद्दा महत्त्वाचा होताच. पण पहिलीच भाषा तिसरीपर्यंत वाचता येत नाही, यावर कुणी मोर्चा काढलेला मला तरी आठवत नाही.

उपाय नाही असं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईत आणि बडोद्यात 'प्रथम'ने एक प्रयोग केला, 'बालसखी'. वस्तीतल्याच तरुण मुली, शाळा शिकलेल्या, बीएड वगैरे काही नाही. मागे पडलेल्या मुलांना त्या शाळेच्याच वेळेत रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायच्या आणि फक्त मुळाक्षरांपासूनचं वाचन आणि साधं गणित घ्यायच्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. (पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्या जोडीने मिळालं ते हेच दोघं.) नंतर त्यातूनच इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायची पद्धत तयार झाली. रोज तासभर तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र करायची. शब्द वाचणारे एका गटात, उतारा वाचणारे दुसऱ्या गटात. पाचवीतलं पोर तिसरीतल्याच्या शेजारी बसलं तरी चालेल. गट बदलतो तो वाचता यायला लागल्यावर, जून उजाडल्यावर नाही.

बालसखी तुमच्याच वयाच्या होत्या, हे मला त्या सोलापूरच्या मुलीला सांगायचं होतं. मी तिला एवढंच कळवलं, की भावाला त्याच्या पुस्तकातलं काही वाचायला देऊ नकोस. त्याने पूर्वी कधीही न पाहिलेलं काहीतरी दे, दुसरीच्या पातळीचं. मोबाईलमध्ये बालभारतीची इतर माध्यमांची, जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. 'प्रथम बुक्स' च्या 'स्टोरीवीव्हर' वर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि त्यांना पातळ्या दिलेल्या आहेत. शेजारी बस, दुरुस्त करू नकोस, फक्त कुठे थांबतो ते लिहून ठेव. मग विचार, काय झालं गोष्टीत?

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. स्वतःचं पुस्तक धडाधड वाचणारा भाऊ नव्या गोष्टीत तिसऱ्या ओळीला अडकला. 'प्रत्येक' वर. मग 'स्वच्छ' वर. पुस्तकातले धडे वर्गात सगळे एका सुरात म्हणतात, ते त्याला ऐकून ऐकून पाठ झाले होते. बोट ओळीवरून फिरत होतं, पण डोळे वाचत नव्हते. तिने बोट भलत्याच ओळीवर ठेवलं तरी हा पठ्ठ्या तोच धडा म्हणत राहिला. तिला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

मग आम्ही फोनवर ठरवलं. रोज पंधरा-वीस मिनिटं, जेवणाआधी. त्या वेळात तिसरीचा गृहपाठ नाही. फक्त जोडाक्षरं, एका दिवशी एकच जोडी, आणि ती शोधायची घरातच. बिस्किटाच्या पुड्यावर, दुकानांच्या पाट्यांवर, लाइट बिलावर, लग्नपत्रिकेवर. लग्नपत्रिका फार कामाची, 'श्री', 'प्रसन्न', 'स्नेही', 'आप्तेष्ट', सगळी फौज एका कागदावर. त्यानंतर पहिलीच्या पातळीची एक गोष्ट, तो वाचणार आणि ही ऐकणार. वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिकेसारखे प्रश्न नाहीत. "मग तो कुत्रा घरी का नाही गेला?" असं, गप्पा मारल्यासारखं.

वडिलांना ते पटलं नाही. तिसरीतल्या पोराला पहिलीचं वाचायला लावतेस, शाळेत कळलं तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. तिने आईला मध्ये घातलं. आणि शाळेत जाऊन बाईंना सरळ सांगितलं, की तो अडतोय. बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत. त्या म्हणाल्या, मला माहितीये, अजून सात जण आहेत तसे.

परवा तिची पुन्हा व्हॉइस नोट आली, एसटीतून. मागे इंजिनाचा आवाज, कंडक्टरची घंटी, आणि भावाचा आवाज अगदी माइकजवळ. खिडकीवरची सूचना वाचत होता. "धू... धूम्र... पान... करू नये." मग थोडा वेळ शांतता. आणि मग, "अक्का, धूम्रपान म्हणजे कुठलं पान गं?"